सामना संपल्यावरचं बोलणं

2023 च्या जूनमध्ये डेन्व्हर नगेट्सनं मायामी हीटला 4-1 असं हरवून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचं आपलं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. मैदानावर रंगीत कागदांचा पाऊस पडत होता, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि नगेट्सच्या निकोला योकिचच्या तोंडापुढे माइक आला. कसं वाटतंय? तो म्हणाला, छान वाटतंय, काम झालं, आता घरी जाता येईल. पुढे पत्रकार परिषदेत त्याला कळलं की विजयाची मिरवणूक गुरुवारी आहे. त्याचा चेहराच पडला. नाही, म्हणाला, मला घरी जायचंय. सर्बियात सोम्बोर नावाच्या गावी त्याचे शर्यतीचे घोडे आहेत. त्याचा जीव तिकडे लागलेला होता.

आपल्याकडे तेव्हा सकाळ होती. एनबीएची अंतिम मालिका भारतात सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे नागपुरात बास्केटबॉलचं वेड असलेली माणसं त्या दिवसांत गजर लावून उठतात, सामना बघून तर्री पोहे खाऊन कामाला जातात आणि संध्याकाळी कोर्टवर जमली की त्यावर बोलतात. त्या संध्याकाळी आमच्या कोर्टवर सामन्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. सगळ्यांच्या मोबाइलवर घरी जायचंय म्हणणारा योकिच होता.

"एवढी मोठी ट्रॉफी जिंकला अन् तोंड पाहा त्याचं. जसं कोणी जबरदस्तीनं उभं केलं."

"अबे, भोळा आहे तो बिचारा. त्याले इंग्लिश कुठं येते बरोबर."

"भोळा कायचा बे? माज आहे माज."

मी बाजूच्या बाकावर बुटाच्या लेस बांधत ऐकत होते. ही पोट्टी खेळ जाणणारी आहेत. पिक-अँड-रोलचा डाव कुठं फसला, बचावात कोण वेळेवर मदतीला धावलं नाही, हे ती एका नजरेत सांगतात. ज्या माणसाबद्दल त्यांचं हे चाललं होतं त्यानं त्या प्लेऑफ्समध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, एकूण गुण, एकूण रिबाऊंड (चुकलेल्या नेमानंतर पकडलेले चेंडू) आणि एकूण असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) या तिन्हींत सगळ्यांना मागं टाकलं होतं. एकाच प्लेऑफ्समध्ये हे तिन्ही साधणारा एनबीएच्या इतिहासातला तो पहिला खेळाडू. 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तो 41 वा निवडला गेला, तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर जाहिरात चालू होती आणि हा तिकडे सर्बियात झोपलेला होता. तिथून इथपर्यंत आलेल्या माणसाला आपण भोळा तरी म्हणतो, नाही तर माजोरडा. तो नेमकं काय म्हणाला याकडे मात्र कोणाचं लक्षच नव्हतं.

काम संपलं की घरी जायचं, हे तो काही त्या दिवशी पहिल्यांदा बोलला नव्हता. बास्केटबॉल ही माझ्या आयुष्यातली मुख्य गोष्ट नाही, घरी त्याहून महत्त्वाचं काहीतरी आहे, असंही त्यानं सांगितलेलं आहे. ही त्याची विचारपूर्वक घेतलेली भूमिका आहे. तुम्ही तिच्याशी भांडू शकता. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूनं असं बोलावं का, खेळावर जीव टाकणाऱ्या पोरांनी हे ऐकून काय समजायचं, यावर आमच्या कोर्टवर तासभर वाद होऊ शकला असता आणि मला तो फार आवडला असता. पण वाद झाला तो त्याच्या चेहऱ्यावर आणि उच्चारांवर.

पुढची गोष्ट तर अजूनच कमी लोकांना आठवते. त्या गुरुवारी योकिच मिरवणुकीला थांबला. लाखो माणसं रस्त्यावर होती. व्यासपीठावर त्यानं माइक घेतला आणि मधे एक सणसणीत शिवी घालून सांगितलं, की मिरवणुकीला थांबायचं नाही असं मी म्हणालो होतो खरा, पण आता मला इथं थांबायचंय, हे फार भारी आहे. त्याचा आवाज चढला होता, चेहरा फुलला होता. हा व्हिडिओ आमच्या कोर्टवर कोणी स्टेटसला ठेवल्याचं मला दिसलं नाही. मनात योकिचची एक मूर्ती बसली होती आणि हा माणूस त्या मूर्तीसारखा बोलत नव्हता, म्हणून त्याला बाजूला ठेवलं. चाहत्यांचं हे मला सगळ्यात जास्त खुपतं. एका मुलाखतीवरून आपण माणूस ठरवून टाकतो आणि पुढची दहा वर्षं त्याच्याकडून तेवढंच ऐकायला तयार असतो.

एनबीएतल्याच अॅलन आयव्हरसनचं तर या बाबतीत फारच वाईट झालं.

मी कॉलेजच्या संघात होते तेव्हा आयव्हरसन म्हणजे देव होता. मुलं त्याच्यासारखा हेडबँड लावायची, कोपरावर स्लीव्ह चढवायची, मुली त्याचा क्रॉसओव्हर, म्हणजे चेंडूचा हात झटकन बदलून चकवणं, घोटायच्या. 2001 साली तो एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला होता, फिलाडेल्फियाला त्यानं अंतिम फेरीत नेलं होतं. पुढच्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत बोस्टनकडून हरला. 7 मे 2002 ला तो पत्रकारांपुढे बसला आणि सरावाला दांडी मारतोस का, या प्रश्नावर भडकला. आपण इथं बसून सरावाबद्दल बोलतोय, सामन्याबद्दल नाही, सरावाबद्दल. हेच तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला. 'प्रॅक्टिस' हा शब्द त्यानं 20 पेक्षा जास्त वेळा उच्चारला. तेवढाच तुकडा जगभर फिरला. आमच्याकडेसुद्धा सरावाला उशिरा येणाऱ्याला "आला पहा आयव्हरसन" असं म्हणायची पद्धत पडली, आणि ती अजून चालू आहे.

त्या पत्रकार परिषदेचा सगळा उतारा मी पुष्कळ वर्षांनी वाचला. प्रॅक्टिसचा तुकडा काही मिनिटांचा आहे, परिषद त्याच्या कितीतरी पट लांब चालली होती. तिच्यातच तो सांगतो, की माझा सगळ्यात जवळचा मित्र मेलाय, त्याला मी गमावलं, हा मोसमही गमावला, माझं सगळं उतरणीला लागलंय. आदल्या ऑक्टोबरात त्या मित्राला गोळ्या घालून मारलं होतं. त्यात क्लब आपल्याला विकणार अशा बातम्या रोज छापून येत होत्या. हे सगळं त्या माणसानं त्याच खोलीत, त्याच माइकसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. काही लपवलं नव्हतं. जगानं मात्र त्यातला हसण्याजोगा भाग तेवढा उचलला. सराव महत्त्वाचा आहेच, आयव्हरसनच्या प्रशिक्षकाची तक्रार खरी असू शकते, ते सगळं मान्य. तरी मित्राच्या मरणाबद्दल बोलणाऱ्या माणसाच्या ओळी 20 वर्षं विनोद म्हणून म्हणत राहायच्या, हे मला सहन होत नाही. आमच्या कोर्टवर कोणी "आला पहा आयव्हरसन" म्हटलं की मी त्याला थांबवून ही गोष्ट सांगते. पोट्टी ऐकून घेतात. एकानं विचारलं, "ताई, मग तो त्या दिवशी बोलायले आलाच कायले?"

चांगला प्रश्न होता. उत्तर असं, की बोलावंच लागतं. एनबीएमध्ये पत्रकारांना सामोरं जाणं हा खेळाडूच्या कामाचाच भाग धरला जातो. 2020 च्या डिसेंबरात कायरी अर्व्हिंगनं बोलायला नकार दिला तेव्हा त्याला 25,000 डॉलरचा दंड झाला, आणि त्याच्या ब्रुकलिन नेट्स क्लबलाही तेवढाच. सामन्यानंतर तर फारसा अवधीही मिळत नाही. घाम सुकलेला नसतो, गुडघ्याला बर्फ बांधलेला असतो आणि समोर 15-20 माणसं प्रश्न घेऊन उभी असतात. त्या मिनिटांत माणसाचं काय होतं हे आंतरविद्यापीठ पातळीपर्यंत खेळलेला कोणीही सांगेल. शेवटची शिट्टी वाजली की सामन्याचा अर्धा भाग डोक्यातून पुसला जातो. उरतो तो एखादाच चुकलेला फ्री थ्रो, फाऊलनंतर कोणी न अडवता घ्यायचा नेम, आणि तो डोळ्यांपुढून हलत नाही. कोणी विचारलं की काय झालं, तर तोंडातून जे पहिलं येईल ते येतं. त्यात भाषा परकी असेल तर शब्द शोधायचं काम आणखी वर. अशा वेळी बाहेर पडलेल्या दोन वाक्यांवरून आपण ठरवतो की हा गर्विष्ठ, हा भोळा आणि हा फार मोठा तत्त्वज्ञ.

तत्त्वज्ञ म्हटलं की यानिस आंतेतोकुंपो. अथेन्समध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, लहानपणी भावाबरोबर रस्त्यावर घड्याळं, गॉगल विकलेला हा पोरगा 2013 मध्ये मिलवॉकी बक्सकडे आला. 2023 च्या एप्रिलमध्ये बक्सचा संघ आठव्या मानांकनाच्या मायामीकडून पहिल्याच फेरीत 4-1 असा हरला. पत्रकारानं विचारलं, हा मोसम अपयशी म्हणायचा का? यानिसनं डोकं धरलं, सुस्कारा सोडला आणि उलट विचारलं, तुला दर वर्षी कामात बढती मिळते का? नाही ना? मग तुझं ते वर्ष अपयशी का? मायकल जॉर्डन 15 वर्षं खेळला, 6 वेळा जिंकला, मग बाकीची 9 वर्षं अपयशाची होती का?

आपल्याकडे हे उत्तर चटकन पसरलं, कारण बढतीचं दुःख नागपुरातल्या सरकारी ऑफिसांतही सगळ्यांना कळतं. माझ्या ओळखीतल्या बास्केटबॉल कधी न पाहिलेल्या एका काकांनी तो व्हिडिओ मला पाठवला. कोर्टवर मात्र दोन तट पडले. काही म्हणाले काय बोलला भाऊ, काही म्हणाले हरल्यावरची पळवाट आहे. मला त्या वादात एक गोष्ट फार आवडली. त्या वेळी तरी पोट्टी त्याच्या म्हणण्याशी भांडत होती. जॉर्डनचं उदाहरण इथं लागू पडतं का? पहिल्या मानांकनाचा संघ आठव्याकडून हरतो तेव्हा पायरी-पायरीचा हिशेब चालतो का? मला स्वतःला वाटतं की यानिस अर्धा बरोबर होता. खेळाडूचं आयुष्य एका मोसमावर तोलू नये हे पटतं. पण त्या मालिकेत बक्सनं हाती आलेले सामने घालवले, आणि त्याला अपयश म्हणायला काय हरकत आहे? असं भांडण झालं की खेळाडूच्या बोलण्याचं चीज झालं असं मला वाटतं.

त्याच यानिसचं 2021 च्या अंतिम मालिकेतलं बोलणं मात्र सुविचार होऊन बसलं. भूतकाळात रमणं हा अहंकार, भविष्याच्या बाता हा गर्व, वर्तमानात राहणं ही नम्रता, असा त्याचा आशय. सकाळी सकाळी उगवत्या सूर्याच्या फोटोवर हे वाक्य मला कितीदा आलं. पण त्याचा जो अर्थ मला लागला तो सूर्याच्या फोटोत नाही. त्या प्लेऑफ्समध्ये यानिस फ्री थ्रो घ्यायला फार वेळ लावायचा, आणि समोरच्या संघाचे प्रेक्षक मोठ्यानं एक, दोन, तीन मोजत त्याला चिडवायचे. नियमानं 10 सेकंदांत चेंडू सुटायला हवा. हजारो माणसं मोजत असताना मागचा चुकलेला नेम आणि पुढचा संभाव्य पराभव डोक्यातून काढून फक्त हातातल्या चेंडूकडे बघायचं, हे त्याचं रोजचं काम होतं. शेवटच्या सहाव्या सामन्यात त्यानं 19 पैकी 17 फ्री थ्रो टाकले, एकूण 50 गुण केले आणि बक्स विजेते झाले. ते वाक्य ऐकून त्याचे फ्री थ्रो पुन्हा पाहावेत, असं मी कोर्टवरच्या मुलींना सांगते. त्यांच्या कामाचं काही असेल तर ते तिथं आहे.

आता उच्चारांची गोष्ट, कारण तिच्यावर मला मनापासून राग येतो.

2002 मध्ये चीनचा याओ मिंग ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि ह्यूस्टनला आला. साडेसात फूट उंच, सोबत दुभाषा. एनबीएतला तेव्हाचा बडा खेळाडू शकील ओनील यानं एका मुलाखतीत चिनी बोलण्याची नक्कल करून त्याला डिवचलं, नंतर माफी मागितली. याओ शांतपणे म्हणाला, चिनी भाषा शिकायला अवघडच आहे, लहानपणी मलाही जड गेली होती. या उत्तराचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण 22 वर्षांच्या मुलाला परक्या देशात पाऊल ठेवल्या ठेवल्या इतकं समंजस व्हावं लागलं, हे मला आजही बोचतं. योकिचच्या तुटक इंग्रजीवर जीव ओवाळणारे चाहते स्वतःला त्या चिडवणाऱ्यांपेक्षा वेगळे समजतात. मला तसं वाटत नाही. लाड केले काय आणि थट्टा केली काय, दोन्हींत समोरच्या माणसाला आपण लहान करतो. बास्केटबॉलमधल्या सगळ्यात तल्लख डोक्यांपैकी एक डोकं समोर बोलत असतं आणि आपण त्याच्या उच्चारांवर 'किती गोड' म्हणतो.

हे दूरच्या देशातलं दुखणं नाही. जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख खेळली. तेव्हा ती 18 वर्षांची होती. स्पर्धेनंतर तिनं उघडपणे लिहिलं, की माझ्या मुलाखती पाहणाऱ्यांनी माझ्या डावांकडे लक्षच दिलं नाही, माझे कपडे, केस, बोलण्याची ढब असल्या गोष्टींवरच ते बोलत राहिले. पुरुष खेळाडूंच्या मुलाखतींत खेळाबद्दल बोललं जातं, हेही तिनं लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. 18 व्या वर्षी एवढं नेमकं बोट ठेवणं सोपं नाही.

पुढच्याच वर्षी, जुलै 2025 मध्ये, जॉर्जियातल्या बातुमी इथं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून तिनं महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. आईला मिठी मारून ती रडली, ते दृश्य सगळ्या नागपुरानं पाहिलं आणि त्या रात्री कितीतरी घरांत डोळे पाणावले असतील. पण डोळे पुसत ती जे बोलली तेही ऐकण्यासारखं होतं. ग्रँडमास्टर किताब असाच मिळायचा होता बहुतेक, कारण या स्पर्धेआधी माझ्याकडे एकही नॉर्म नव्हता. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत ठरलेल्या दर्जाची कामगिरी; बुद्धिबळात सहसा असे तीन नॉर्म गोळा करत करत माणूस तिथवर पोहोचतो. तिनं ती सगळी वाट एका स्पर्धेत पार केली होती, आणि अश्रू वाहत असतानाही ही गोष्ट तिला नेमकी मांडता आली होती.

आम्हा वैदर्भीयांना बोलण्यावरून हसून घेण्याची सवयच आहे म्हणा. कॉलेजच्या संघातून आम्ही पश्चिम महाराष्ट्रात खेळायला जायचो तेव्हा बेंचवरून आम्ही जे ओरडायचो त्याची नक्कल समोरचा संघ करायचा. आमच्यातल्या दोन चांगल्या खेळाडू त्यामुळे कोर्टवर गप्प राहायला लागल्या. आणि बास्केटबॉलमध्ये गप्प राहणारा बचाव म्हणजे फुटलेला बचाव. स्क्रीन येतोय, डावीकडे सरक, बॉल माझा, हे ओरडून सांगितलं नाही तर पाच जणी मिळून एक संघ होत नाही. कोणाच्या बोलण्याला हसल्यानं काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. आम्ही त्या वर्षी हरलो, त्यात त्या हसण्याचा हात होता असं मी आजही मानते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात घडलेल्या एका प्रसंगानं मला फार बरं वाटलं. शहरात एक स्पर्धा होती. आमच्याकडे खेळणारी एक मुलगी मूळची काटोलकडची आहे, इथं वसतिगृहात राहते, संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढं नेऊन खेळ चालवणारी. उपांत्य सामना जिंकल्यावर मोबाइल आणि छोटा माइक घेऊन आलेल्या एका मुलानं तिला विचारलं, कैसा लग रहा है? ती धापा टाकत, अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी बोलली. सुरुवातीला आम्ही मॅन-टू-मॅन, म्हणजे एकीनं एकीला धरून, खेळून राह्यलो होतो, त्यांची उंच पोरगी आत घुसून राह्यली होती, म्हणून सरांनी टू-थ्री झोन लावला, म्हणजे दोघी पुढं, तिघी मागं, अन् जिनं तिनं आपली जागा धरायची. मग त्या बाहेरून मारतील याची भीती होती, पण कोपऱ्यातून मारणारी त्यांच्याकडे एकच होती, तिच्यावर मी धावून जायचं असं ठरलं होतं.

व्हिडिओ ग्रुपवर आला आणि अपेक्षेप्रमाणे दोघा-तिघांनी तिच्या बोलण्याची टिंगल सुरू केली. मी काही लिहिण्याआधीच आमच्याच कोर्टवरच्या एका पोरानं, योकिचला माजोरडा म्हणणाऱ्यानं, लिहिलं, की ती जे बोलली ते चूक आहे. टू-थ्रीमध्ये कोपरा मागच्या खेळाडूनं धरायचा असतो, गार्ड तिथं धावली तर वरचा विंग, म्हणजे तिची बाजूची जागा, उघडा पडतो. त्यावर ती स्वतःच उतरली. तुले माहीत नाही, म्हणाली, त्यांची वरची शूटर पाच फाऊलवर बाहेर गेली होती, उघडा पडला तरी मारणार कोण? मग सरांनी मागच्या खेळाडूला आतच का ठेवलं, उंच पोरीला कोणी पाठीमागून धरलं, चौथ्या क्वार्टरमध्ये किती रिबाऊंड गेले, असं चालू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोर्टवर सराव सोडून दोघं खडूनं आकृत्या काढत बसले होते, बाकीचे भोवती उभे राहून आपापली मतं देत होते. मला पंच म्हणून बोलावलं. मी त्या मुलीच्या बाजूनं निकाल दिला, तर तो पोरगा म्हणाला, "नाही ताई, एक डाव खेळूनच पाहू." आम्ही पाच-पाच जण वाटून घेतले आणि टू-थ्री लावला.